वुइको बर्फावरून खाली आला

वासिल हनाटिव काय करतो, असं कॉलिअर गावात नवख्या माणसानं विचारलं, तर लोक सांगतात, "तो पाणी गोठवतो." आणि वर पुष्टी जोडतात, "हिवाळ्यात." म्हणजे उणे तीस अंशांत अंगणात विसरलेली बादली जे काम आपसूक करते, त्याचा हा माणूस चौतीस वर्षं पगार घेतोय. हा विनोद वासिलला तोंडपाठ आहे. तो हसत नाही आणि रागावतही नाही. फक्त म्हणतो, "बादलीतल्या बर्फावर खेळून दाखवा."

त्याचं म्हणणं चूक नाही. कर्लिंगचा दगड वीस किलोंचा, ग्रॅनाइटचा, तळाला गुळगुळीत. तो अलगद सोडायचा, तो सव्वाशे फूट सरकत गेला पाहिजे आणि पलीकडच्या रंगीत वर्तुळात, म्हणजे 'घरात', थांबला पाहिजे. दगड जाता जाता एका अंगाला वळतो. मग दोघं जण ब्रश घेऊन त्याच्यापुढचा बर्फ घासत पळतात. घासलं की दगड सरळ जातो आणि जास्त लांब जातो. कधी घासायचं, कधी हात आवरायचे, हे पलीकडच्या टोकाला उभा असलेला कप्तान बोंबलून सांगतो. खेळ एवढाच, पण कॉलिअरमधली अर्धी भांडणं आणि जवळपास सगळी लग्नं त्यातूनच झालेली आहेत.

आणि त्या बर्फाला नुसतं सपाट असून भागत नाही. त्याच्यावर कोमट पाण्याचे बारीक थेंब शिंपडून दाणा उठवावा लागतो. दाण्यावरून दगड तरंगल्यासारखा पळतो. वासिल पाठीवर डबा बांधतो, झारीसारखं तोंड असलेली नळी हातात घेतो आणि हात डावी-उजवीकडे झुलवत उलट्या पावलांनी चालतो. तेव्हा त्याच्याशी कोणी बोलायचं नाही असा रिवाज आहे. स्वतःच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा तो आधी दाणा मारून मग चर्चमध्ये गेला. स्टेफाच्या आईनं त्याच्या ओल्या बुटांकडे पाहून मुलीला विचारलं होतं, "नक्की ना?"

वासिलचा बाप कोळशाच्या खाणीत होता. वासिलही सतराव्या वर्षी तिथेच लागला असता, पण खाणच त्याच्या सोळाव्या वर्षी बंद पडली. मग त्यानं थोडे दिवस कुंपणं घातली, थोडे दिवस शाळेची बस चालवली, आणि एकोणतिसाव्या वर्षी कर्लिंगच्या रिंकमधला, म्हणजे छपराखालच्या बर्फाच्या मैदानातला, जुना बर्फवाला दक्षिणेला मुलीकडे राहायला गेला तेव्हा त्याची नळी वासिलच्या हातात आली. ती सुटलीच नाही. गंमत म्हणजे तो स्वतः खेळाडू बेताचाच. चौतीस वर्षांत त्याच्या संघानं एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. बर्फ त्याचा, दगड दुसऱ्यांचे.

पण एप्रिल उजाडला की रिंकमधला बर्फ उतरवतात आणि वासिल बेकार होतो. वर्षभराची कमाई गटारात वाहून जाताना बघणारा माणूस घरात थांबेल कसा? तो उन्हाळाभर घळींमधून भटकतो. आमचं सगळं खोरंच असं, वरून सपाट गवताळ माळ आणि मध्येच जमीन फाटल्यासारखी खोल घळ, राखी-तांबड्या मातीचे पट्टे, आणि त्यातून डोकावणारी कोट्यवधी वर्षांची जुनी हाडं. इथे दगड उचलून चाटणाऱ्या माणसाला कोणी वेडं समजत नाही. हाड असेल तर जिभेला चिकटतं, दगड असेल तर नाही. आमच्याकडे पोरं बोलायच्या आधी हे शिकतात.

तीन उन्हाळ्यांपूर्वी वासिलनं मोठ्या घळीच्या वरच्या टोकाला असा एक लंबगोल दगड चाटला. मध्ये कणा उठलेला, थाळीएवढा. जीभ चिकटली. दोन पावलांवर दुसरा होता. तोही चिकटला. सातव्याला त्याच्या लक्षात आलं की हे सगळे ओळीत आहेत, मग तो तिथेच मातीत बसला आणि त्यानं डबा उघडून बायकोनं दिलेल्या पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या. इतका आनंद झाला की त्याला दुसरं काही सुचेना.

शहरातल्या म्युझियममधून इंग्रिड सोल्वे आली. तिशीतली, उंच, खिशात कायम दातांचा ब्रश आणि टोचणी. तिनं दोन दिवस उकरलं आणि मग वासिलला मिठी मारली. चिलखती डायनासोर होता. पाला खाणारा, रणगाड्यासारखा बुटका नि रुंद, पाठीवर हाडांच्या ढाली, शेपटीच्या टोकाला हाडाचा गोळा. साडेसात कोटी वर्षांपूर्वी मेला, नदीत फुगला आणि पाठीवर उलटा पडून गाळात रुतला, म्हणून ढाली सगळ्या जागच्या जागी राहिल्या.

"ह्याच्या तर पापण्यासुद्धा हाडाच्या होत्या," इंग्रिड म्हणाली.

स्टेफा डोकावून पाहत होती. जबडा रुंद, मान नाहीच, डोळे अर्धे मिटलेले. "हा माझा पेट्रो वुइको," ती म्हणाली. वुइको म्हणजे मामा. "लग्नात असाच बसायचा. कोबी सोडून काही खायचा नाही, आणि मध्ये आलं कोणी तर हलायचा नाही."

इंग्रिडनं वहीत लॅटिन नाव लिहिलं. गावानं वुइको म्हटलं. दुसऱ्या उन्हाळ्यात इंग्रिडच्या अहवालातही वुइको आला.

दोन उन्हाळे खोदलं. डोकं, पाय, शेपटीचा गोळा हे सगळं वेगवेगळं बांधून माणसांनी खांद्यावर आणलं. राहिलं ते मधलं धड. पाठ, कंबर, त्यांवरच्या ढाली, सगळं एकमेकांत गुंतलेलं. ते तोडलं तर वुइको उरत नव्हता, नुसता हाडांचा ढीग उरला असता. म्हणून इंग्रिडनं ते अखंड ठेवलं. गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून वरून-खालून गुंडाळलं. पांढरं, गाडीएवढं, पावणेदोन टनांचं गाठोडं झालं. सप्टेंबरात हेलिकॉप्टर येऊन ते उचलणार होतं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी, खेळ संपल्यावर, रिंकच्या वरच्या मजल्यावर सगळे कॉफी पीत बसले होते तेव्हा इंग्रिड आली. जॅकेटही काढलं नाही.

"नाही येत हेलिकॉप्टर," ती वासिलला म्हणाली. "उन्हाळाभर वणवे होते, सगळी तिकडेच अडकली. आता पुढच्या ऑगस्टचं बोलतायत."

"मार्चमध्ये बर्फ वितळून घळीतून पाणी येतं."

"माहीत आहे मला."

"त्याच्या खालची माती आत्ताच पोखरलीय. ऑक्टोबरच्या पावसात हातभर गेली. मी मोजलीय."

"वासिल, मला माहीत आहे."

शेजारच्या टेबलावर एल्डन मॅकस्वेन पाय पसरून बसला होता. गावातला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर त्याचा, सगळ्यात मोठं तोंडही त्याचंच. "मग पोहायला शिकवा त्याला," तो म्हणाला. "चार महिने आहेत की."

लोक हसले. वासिल हसला नाही, तो कपात बघत राहिला. गाठोडं उचलायला ट्रॅक्टर घळीत उतरत नव्हता. ती माती ओली झाली की साबणासारखी होते आणि वरून खाली उतरायची वाटही जेमतेम दोन माणसांच्या रुंदीची. वरून ओढावं तर सरळ भिंत. खाली घळ जिथे उघडते तिथे सपाट पाणथळ आणि पलीकडे रस्ता, पण मधली चारशे मीटरची उतरण वुइकोला पार करायची होती. नाहीतर मार्चचं पाणी त्याला एका रात्रीत फोडून नदीत घालणार होतं. वासिलला ते चित्रासारखं दिसायचं. ढाली एकेक करून गाळात जाताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घळीत गेला आणि दुपारी परत आला. स्टेफा बीट चिरत होती.

"मी घळीत बर्फ करतो," तो म्हणाला.

"घळीत बर्फ आहेच की. देव फुकट करतो."

"तो बर्फ नाही, तो नुसता गोठलेला कचरा. मी नीट करतो. वरपासून खालपर्यंत. त्याला घसरगाडीवर घालायचं आणि मागून दोर सोडत सोडत खाली आणायचं."

स्टेफानं सुरी खाली ठेवली. "पावणेदोन टन?"

"वीस किलोचा जातो तर पावणेदोन टनांचाही जाईल. बर्फाला काय कळतंय?"

त्यानं इंग्रिडला फोन केला. तिनं आधी एकच विचारलं.

"तडा गेला तर?"

"जाणार नाही."

"वरच्यांना मी काय सांगू, वासिल? एका बर्फवाल्यानं शब्द दिलाय म्हणून?"

"हो. असंच सांग."

तिनं खरोखरच असंच सांगितलं. तीन आठवड्यांनी परवानगी आली, अटींसकट: इंग्रिड हजर हवी, आणि तिनं हात वर केला की जिथल्या तिथे थांबायचं. "चालत्या बर्फावर हात वर करून काय होतं?" वासिलनं विचारलं. इंग्रिड म्हणाली, "सही कर."

एल्डननं घसरगाडी केली. बंद खाणीतले जुने रूळ उखडून आणले, टोकं वाकवली, वर ओंडके ठोकले. काम करताना तो एकसारखा बडबडत होता की हा सगळा मूर्खपणा आहे, आणि एकेक जोड दोन-दोनदा वेल्ड करून पक्का करत होता. फेब्रुवारीत पारा उणे सत्तावीसला स्थिरावला. वासिलनं आकाशाकडे बघून "आता" म्हटलं.

पाच दिवस गावाला दुसरं काम नव्हतं. एल्डनची पाण्याची टाकी माळावर, तिथून लांब नळी खाली, नळीच्या टोकाला वासिल. एकदम पाणी ओतायचं नाही. पातळ, आणखी पातळ, थरावर थर. जाड ओतलं की आत बुडबुडे राहतात आणि बर्फ उखडतो. मदतीला आलेल्यांचा उत्साह फार असायचा.

"एवढंसंच? अरे, माझी गाय याच्यापेक्षा जास्त मुतते," एल्डन म्हणाला.

"मग तिला आण उद्या. पण थोडं-थोडं करायला शिकवून आण."

मिसेस पॉलसन ब्रश घेऊन रोज यायच्या. वय एक्क्याऐंशी. अख्ख्या गावाला त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे त्यांना नको म्हणायची कोणाची हिंमत नाही. वासिलनं त्यांना आणि आणखी तिघांना खालच्या सपाटीवर नेमलं. वाऱ्यानं आलेलं भुरभुरीत हिम झाडायचं, एवढंच काम. सपाटीच्या सुरुवातीला मात्र त्यानं मुद्दाम तीन मीटरचा सैल हिमाचा पट्टा राखला होता. घसरगाडी तिथे रुतून थांबणार, मग ट्रॅक्टर फिरून रस्त्याकडून येणार आणि पुढचं ओढून नेणार.

"ह्या पट्ट्याला हात लावायचा नाही," त्यानं बजावलं. "तो ब्रेक आहे. गाडी निघाली की कोणी ब्रश टेकवायचा नाही. मिसेस पॉलसन, तुम्हीपण."

"मी बहिरी नाहीये, वासिल. तू सातवीत तीनदा नापास झालास तेव्हाही मी ऐकत होते."

"दोनदा."

"तिसऱ्यांदा मी दया केली."

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला रस्त्याकडच्या गाड्यांमध्ये गेले. वासिल एकटाच सपाटीवर उभा राहिला. पाणथळीवर आरशासारखा बर्फ, साठ मीटर, एक सुरकुती नाही. चौतीस वर्षांत त्यानं असा बर्फ केला नव्हता, छपराखालीसुद्धा नाही. आणि तो असा बोडका पडलेला. वासिलनं इकडे-तिकडे पाहिलं. त्याच्या गाडीत डबा होताच.

स्टेफा सूप घेऊन आली तेव्हा तो पाठीवर डबा बांधून, हात झुलवत, उलट्या पावलांनी सपाटीच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

"वासिल."

दाणा मारताना बोलायचं नसतं. ती थांबली.

"तू इथे दाणा मारलास?" शेवटी तिनं विचारलं. "इथे खेळायचंय का कोणाला? इथे ट्रॅक्टर ओढणार ना? त्याची चाकं घसरतील की."

वासिलनं डबा उतरवला, मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "हात आपसूक गेला," तो म्हणाला.

"हात गेला म्हणे! सांग एल्डनला, हात गेला म्हणून."

"त्याला सांगायची काय गरज? गाडी पट्ट्यात थांबणार. इथपर्यंत येणारच नाही."

शनिवारी सकाळी अकरा वाजता ऊन लख्ख होतं आणि सगळ्यांच्या भुवयांवर दव गोठलं होतं. वर ट्रॅक्टरला दोन दोर वळसे घालून बांधलेले, एल्डन ते इंचाइंचानं सोडणार. पहारी लावून वुइको घसरगाडीवर चढवला, पट्ट्यांनी आवळला. इंग्रिडनं गाठोड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि प्लास्टरवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. वासिल खाली सपाटीच्या तोंडाशी, रिंकमध्ये कप्तान उभा राहतो तसा, हातातला ब्रश उलटा धरून उभा.

"सोड!"

दोर करकरला. वुइको हलला.

पहिले तीनशे मीटर इतके सुरळीत गेले की लोकांना कंटाळा यायला लागला. पांढरं गाठोडं घळीतून राजासारखं संथ उतरत होतं, दोन्ही बाजूंना गाव चालत होतं, कोणीतरी थर्मास उघडला. इंग्रिडच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू दिसलं. शेवटच्या वळणावर डावा दोर कड्याच्या धारेला घासला आणि टाळी वाजावी तसा तुटला. उजव्यानं एकट्यानं दोन सेकंद दम धरला. मग तोही गाठीतून निसटून सापासारखा बर्फावर आला.

इंग्रिडनं दोन्ही हात वर केले.

वुइकोनं अट वाचलेली नव्हती. तो माणसाच्या चालीनं येत होता, मग पळणाऱ्या माणसाच्या. पाच दिवसांचा पातळ-पातळ थर त्याच्याखाली नुसता शिटी वाजवत होता. वासिल बाजूला झाला आणि त्यानं पाहिलं की येताना गाडीचं नाक हळूहळू डावीकडे वळतंय. कर्लिंगचा दगड वळतो तसंच. अगदी तसंच. आणि डावीकडे सपाटीच्या कडेला घराएवढा वाळूच्या दगडाचा ठोकळा उभा होता. पट्ट्यात रुतायच्या आधीच गाडी त्याच्यावर जाऊन आपटणार, असं वासिलला दिसलं. पाठीच्या ढाली पुढे होत्या.

यानंतर काय झालं ते चाळीस माणसांनी पाहिलं, म्हणून नाकारायची सोय नाही. वासिल हनाटिवनं ब्रश आकाशात फेकला आणि चौतीस वर्षांत काढला नव्हता असा आवाज काढला.

"घासा! घासा रे! जोरात! जोराऽत!"

चार ब्रश एकदम टेकले. काल काय बजावलं होतं ते चौघांच्याही डोक्यात असेल, पण हात डोक्याला विचारत बसले नाहीत. मिसेस पॉलसन उजव्या अंगाला वाकून अशा धावल्या की जणू घळीत पोरगीच उतरली. तीन मीटरचा राखून ठेवलेला हिमाचा पट्टा, आमचा ब्रेक, चौघांनी मिळून गाडी यायच्या आत पुसून लखलखीत केला.

"आणखी! सोडू नका! मिसेस पॉलसन, आणखी!"

"घासतेय ना, गाढवा!"

गाडीचं नाक सरळ झालं. ठोकळ्यात आणि वुइकोच्या कंबरेत जेमतेम कोपरभर अंतर राहिलं आणि तो शिटी वाजवत त्याच्या बाजूनं निघून गेला. पुढे साठ मीटर आरसा होता, त्यावर वासिलनं मारलेला दाणा. पावणेदोन टनांचा मामा त्या दाण्यावर असा तरंगला की ट्रॅक्टर, दोर, माणसं सगळं मागे पडलं. चौघं घासणारे दमून बाजूला कोसळले. तो एकटाच गेला. त्याला शहरात न्यायला रस्त्याकडे उभ्या असलेल्या ट्रेलरच्या पुढून गेला, ट्रेलरचा ड्रायव्हर सँडविच हातात घेऊन मान वळवत राहिला, वाळक्या वेतांच्या झुडपात कर्रर्र करून शिरला, अर्धी गिरकी घेतली आणि थांबला.

मग वरून, कड्यावरून, एल्डनचा आवाज आला:

"घराबाहेर गेला! शून्य!"

कोणी हसलं नाही. सगळे इंग्रिडकडे बघत होते. ती वेतांमधून घसरत, पडत, उठत गाठोड्यापाशी पोचली. तिनं हातमोजा काढला आणि बोटाच्या सांध्यानं प्लास्टर ठोकायला सुरुवात केली, आपण कलिंगड ठोकतो तसं. आत काही सुटलं असेल तर पोकळ वाजतं. टक. टक. कान लावून. पुढची बाजू, वरची बाजू, कंबर. वासिल तिच्या मागे उभा होता आणि त्याला थंडी लागत नव्हती, त्याला काहीच लागत नव्हतं. शब्द त्यानं दिला होता, घासा म्हणून तोच ओरडला होता, आणि दाणाही त्यानंच मारला होता. तडा गेला असता तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

एका कोपऱ्यात तळहाताएवढं प्लास्टर उडालं होतं. इंग्रिड तिथे गुडघ्यावर बसली. आत चॉकलेटी रंगाची एक ढाल दिसत होती, मधला कणा उठलेला. तिनं ब्रशनं भुगा झाडला, बोट फिरवलं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि मग, वैज्ञानिक बाई असून, जीभ लावली.

उठताना तिचे डोळे भरले होते. उणे सत्तावीसला हे परवडत नाही, पापण्या चिकटतात.

"केसाएवढाही तडा नाही," ती म्हणाली. "वासिल, एक केससुद्धा नाही. सगळा घट्ट आहे."

मग जो आरडाओरडा झाला तो म्हणे रस्त्यापलीकडच्या शेतातल्या गाईंनी मान वर करून ऐकला. स्टेफानं वासिलचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच्या गोठलेल्या मिशीचं चुंबन घेतलं. मिसेस पॉलसनना दोघांनी उचलायला घेतलं तर त्यांनी ब्रशनं झोडपलं. एल्डन धापा टाकत खाली पोचला आणि त्यानं बर्फावर बुटाचं टोक घासून पाहिलं. मग वाकला. मग हातमोजा काढून बोटांनी चाचपलं.

"हनाटिव," तो सावकाश म्हणाला. "इथे दाणा आहे."

वासिल हातमोजे झाडायला लागला.

"तू घळीत दाणा मारलास?"

"हात गेला," स्टेफा म्हणाली.

"जिथे ट्रॅक्टर जाणार होता तिथे! वर पट्टा पुसायला लावलास! तू पट्टा ठेवला असतास तर तो तिथेच..."

"तर तो त्या ठोकळ्यावर असता," मिसेस पॉलसन म्हणाल्या. "घासलं म्हणून सरळ गेला. सातवीचं गणित आहे."

"पट्टा आधी येतो, मिसेस पॉलसन! ठोकळा नंतर!"

"कोन बघितलास का तू? तू वर होतास, दोर सोडत. म्हणजे, सुटलेला बघत."

इंग्रिडनं हसत हसत डोळे पुसले. "आयुष्यात हा प्राणी एवढा पळाला नसेल," ती म्हणाली. "साडेसात कोटी वर्षांत आज पहिल्यांदा."

वाद तेव्हा मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. मंगळवारी खेळ झाल्यावर रिंकच्या वर कोणीतरी साखरेचे चौकोनी तुकडे मांडून ठोकळा कुठे, पट्टा कुठे हे दाखवतंच, एल्डनचा आवाज चढतोच, मिसेस पॉलसन कागद-पेन्सिल मागतातच. वासिलला विचारलं तर तो खांदे उडवतो. त्याला स्वतःलाही ठाऊक नाही.

त्या दिवशी मात्र त्यानं एकच गोष्ट केली. ट्रॅक्टर वुइकोला वेतातून मागे ओढायला जुंपत होते, सगळे तावातावानं बोलत होते, तेव्हा तो हळूच गाठोड्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. खेळ संपला की इथे हरलेला-जिंकलेला कोणीही असो, हातमोजा काढून हात मिळवायचा असतो. न मिळवता जाणं म्हणजे फार वाईट वागणं समजतात. वासिलनं हातमोजा काढला. गार प्लास्टरवर, साधारण जिथे वुइकोचा पुढचा पाय असायला हवा होता तिथे, पंजा ठेवला आणि दाबला.

"छान खेळलास," तो म्हणाला.

आणि मग, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "बर्फ कसा होता?"